रांगेतलं एक पत्र

साहेबांचा मेल दीड ओळीचा होता. जाळेकरांचं खातं आज अकरा वाजता बंद करावं, आधी नको आणि नंतरही नको, आणि तोपर्यंत त्यांच्याजवळ काही बोलू नये. खाली 'धन्यवाद' होतं. मी तो वाचला तेव्हा जाळेकर माझ्या शेजारच्या टेबलाखाली अर्धे शिरून कुठलीतरी केबल ओढत होते, आणि ओढताना तोंडानं एक बारीक आवाज करत होते, अडकलेलं काहीतरी हळूहळू सुटत यावं तसा. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती आणि शर्टाच्या कॉलरला आतून लावलेलं ठिगळ. टाके मोठे होते, वेडेवाकडे, सुई धरायची सवय नसलेल्या हातानं घातलेले. इतकी वर्षं शेजारी बसून ते ठिगळ माझ्या नजरेला कधी पडलं नव्हतं. ते दिसायला साहेबांचा मेल यावा लागला.

"सापडली का?" मी विचारलं. आवाज नेहमीसारखा निघाला याचीच मला भीती वाटली.

"सापडायला ती हरवली कुठं होती?" ते टेबलाखालून म्हणाले. "मीच टाकलेली. रुसून बसलीये. वरच्या मीटिंगच्या खोलीत लाइन ओढून द्यायची आहे, साहेबांचा निरोप आहे. पडद्यावर कोणी बाहेरचे लोक येणार आहेत म्हणे, अकराला. चित्र अडखळता कामा नये."

मी पाणी प्यायले. बाटलीचं झाकण लावताना ते दोनदा तिरकं बसलं.

जाळेकर हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगाराच्या खात्याला ठाऊक असेल. संस्थेच्या सगळ्या मजल्यांवर भिंतींतून, फरशीखालून, छताच्या पोकळीतून जे तारांचं जाळं गेलंय ते त्यांनी टाकलं, म्हणून कोणीतरी कधीतरी जाळेकर म्हणालं आणि ते चिकटलं. मी मेलचा सर्व्हर बघते, सगळ्यांचं टपाल माझ्या हातून जातं, म्हणून मी पोस्टमास्तरीणबाई, आणि घाईत असलं की नुसती मास्तरीणबाई. ते तारा बघतात आणि मी तारांतून काय जातं ते बघते, असं आम्ही लोकांना सांगत असू. मी इथे आले ती टायपिस्ट म्हणून. मेलचं मशीन ज्यावर चालतं ते युनिक्स मला कुणी शिकवलं नाही. त्या मशीनचं एक बरं असतं, एखाद्या आज्ञेचं नाव टाकून मदत मागितली की ते पानंच्या पानं उलगडून दाखवतं, न कंटाळता, आणि 'एवढंही येत नाही का' असं म्हणत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी ती पानं छापून वाचायचे. घरी नेली की नवऱ्याला वाटायचं, बायको कादंबरीबिदंबरी वाचते आहे. एकदा त्यानं एक पान उचलून बघितलं आणि शांतपणे खाली ठेवलं, आणि त्या दिवसापासून तो माझ्याशी जरा अदबीनं बोलायला लागला.

माणसाचं खातं बंद करण्याची आमच्याकडे एक रीत आहे. माणसाला वर बोलावतात, तो जिना चढत असतो, खोलीत खुर्ची ओढून बसतो, समोरचा घसा साफ करतो, आणि त्याच वेळी खाली मी एक ओळ टाइप करून एंटर दाबते. तो परत येतो तेव्हा त्याचा पासवर्ड चालत नाही. रागाच्या भरात कुणी काही पुसू नये, काही पाठवू नये, म्हणून हे. नियमांच्या पानावर लिहिलंय तसं. खरं म्हणजे ही बातमी त्या माणसाच्याही आधी मला असते. हिशेबवाल्या बाईंच्या वेळी त्या जिना चढताना मला हसून म्हणाल्या होत्या, "बढती असेल तर पार्टी." मी पण हसले होते. हसणं हे माझ्या कामात कुठल्या पानावर लिहिलेलं नाही, पण ते करावं लागतं.

खातं बंद करण्याआधी एक गोष्ट बघावी लागते: त्या माणसाचं काही रांगेत अडकलंय का. जे मेल पुढच्या मशीनपर्यंत जाऊ शकत नाहीत ते आमच्या मशीनवर रांगेत पडून राहतात, आणि मशीन थोड्या थोड्या वेळानं जाऊन पुन्हा दार वाजवतं. कोणी उघडलं तर देऊन येतं. नाही उघडलं तर नोंद करतं: उत्तर नाही, पुन्हा विचारीन. असं पाच दिवस. पाच दिवसांनी हात टेकतं आणि ज्यानं पाठवलं त्याच्याकडे पत्र परत आणून देतं. रांगेत अशी दोन-चार पत्रं कायम असतात. मी ती उघडत नाही, पाकिटावरची नावंसुद्धा शक्यतो वाचत नाही. दुसऱ्याच्या घरात पाहुणी म्हणून गेल्यावर कपाटाकडे बघू नये, तसं. त्या सकाळी मी जाळेकरांच्या नावानं रांग चाळली आणि एक पत्र निघालं. एकच. चार दिवस उलटून गेलेलं, पाचव्यात आलेलं. जायचं होतं ते त्यांच्या मुलीच्या नावावर.

मुलीचं नाव म्हणजे तिचं घरचं लाडाचं नाव, पाकिटावर तेच होतं. ती शाळेत असताना इथे यायची. सर्व्हरच्या खोलीत केबलच्या रिकाम्या रिळावर बसून गृहपाठ करायची, कारण तिथे थंड असायचं, आणि वह्यांची पानं पंख्यांच्या वाऱ्यानं उडायची म्हणून वडिलांचे पक्कड-कटर ती चारी कोपऱ्यांवर ठेवायची. पुढे ती संस्थेच्याच कॉलेजात गेली. तिथल्या मेलचं मशीन जाळेकरांनीच उभं केलं होतं. मग तिची आई आजारी पडली. ज्या दुपारी आई गेली त्या दुपारी इथलं जाळं बसलं होतं, अख्खी इमारत आंधळी, आणि जाळेकर फरशीखाली आडवे होऊन तुटलेलं टोक शोधत होते. फोन वर टेबलावर, आणि खाली जिथे ते होते तिथे माणसाचा आवाजही पोचत नाही. मी त्या दिवशी रजेवर होते, नंतर ऐकलं. टोक सापडलं, इमारत जागी झाली, ते बाहेर आले, अंगावरची धूळ झटकली, आणि मग फोन बघितला. मुलगी त्यांना एवढंच म्हणाली की आता मला फोन करू नका आणि लिहूही नका. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं ते एकदा म्हणाले. ती अगदी हळू म्हणाली.

आणि याच आठवड्यात, चहा ओतता ओतता, ते मला म्हणाले होते, "पोरीला लिहिलं."

मी कप तसाच धरून राहिले. "अहो, काय सांगता! मग? काय म्हणाली?"

"बघू. वेळ लागतो." आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका हलकेपणा होता की मी पुढं विचारलं नाही. मला वाटलं, विचारलं तर उडून जाईल.

म्हणजे ते पत्र गेलंच नव्हतं. ते इथेच होतं, माझ्या टेबलापासून एका भिंतीपलीकडे, आणि ज्या माणसानं ते पाठवलं तो उत्तराची वाट बघत मीटिंगच्या खोलीची केबल ओढत होता. मी मनात हिशेब मांडला. आज दुपारपर्यंत मशीन हात टेकणार. पत्र परत जाळेकरांकडे येणार. पण जाळेकरांचं खातं तोवर मी बंद केलेलं असणार. मग परत आलेलं पत्रही परत जाणार, आणि ज्याचा कुणीच धनी नाही ते टपाल शेवटी जिथे येतं तिथे येणार, म्हणजे माझ्याकडे. जाळेकर घरी बसून राहतील. पोरीला पत्र मिळालं आणि तिनं उत्तर दिलं नाही, असं समजून मरेपर्यंत बसून राहतील. नोकरी गेलेल्या माणसाकडे बसायला वेळ भरपूर असतो.

ते जिन्यावरून वर गेले, खांद्यावर केबलचं वेटोळं. मी पिंग केलं. ज्या मशीनकडे पत्र जायचं होतं त्याला हाक मारली: आहेस का? काही नाही. पुन्हा. काही नाही. नवीन पोरापोरींना पिंग समजावताना मी आईची गोष्ट सांगते, म्हणजे अर्धीच सांगते. माझ्या वडिलांचं हृदय कमजोर होतं आणि त्यांना न्हाणीघरात तास तास बसायची सवय. आई स्वयंपाक करता करता मध्येच उठून दारावर बोटाच्या पेरानं टकटक करायची, "आहात ना?" आतून वडील, "आहे, आहे. पळून जाऊ तर टॉवेलवर जाऊ?" आई परत चुलीपाशी. थोड्या वेळानं पुन्हा टकटक. बस, हेच पिंग, मी सांगते, आणि पोरं हसतात. उरलेली अर्धी गोष्ट अशी की एके दिवशी आतून उत्तर आलं नाही. आईनं पुन्हा वाजवलं. मग थांबली. मग पुन्हा. तिचा हात आधी भरभर वाजवत होता, मग दोन टकटकींमधलं अंतर वाढत गेलं. मी शाळेच्या गणवेशात बाजूला उभी. मी म्हणाले, "आई, कुणाला बोलावू?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "थांब. मी विचारतेय ना." मी थांबले नाही. मी धावत गेले आणि शेजारच्या सुताराला घेऊन आले, आणि त्यानं खांद्याच्या एका धक्क्यात दार आत घातलं. सगळे म्हणाले, पोर किती हुशार, वेळेवर माणूस आणला. आई मला कधी काही बोलली नाही. फक्त त्यानंतर तिनं माझ्यासाठी कधी दार वाजवलं नाही. सरळ आत यायची, नाहीतर यायचीच नाही.

ते मशीन कुठं आहे हे शोधायला मी नावांची फाइल उघडली. कुठल्या नावाचं मशीन कुठल्या पत्त्यावर, याची ती फाइल; ती जाळेकरांच्या ताब्यातली, पण रूटचा, म्हणजे सगळी कुलपं उघडणारा, पासवर्ड आम्हा दोघांकडे. बघते तर काय, कॉलेजचं जुनं मशीन. ते बंद होऊन जमाना झाला, कॉलेजचं मेल केव्हाच दुसरीकडे गेलं, मशीन भंगारात गेलेलं मी स्वतः बघितलंय, त्याचं पुढचं झाकण हमालानं छत्रीसारखं डोक्यावर धरलं होतं. पण नाव फाइलमध्ये तसंच. मशीन काढलं आणि नाव काढायचं राहिलं. आमच्या धंद्यात याहून साधी चूक नाही. आणि तिचा परिणाम बरोबर हाच: नाव आहे म्हणून आमचं मशीन तिथवर जातं, दार वाजवतं, आत कुणी नाही म्हणून उत्तर येत नाही, आणि उत्तर येत नाही म्हणजे नाही असंही होत नाही. मग पाच दिवस खेटे घालतं. नावच नसतं तर पहिल्याच फेरीला कळलं असतं की असं काही ठिकाण नाही, आणि पत्र तिथल्या तिथे परत आलं असतं.

जाळेकर आणि नाव काढायला विसरले? मला जरा गंमत वाटली, आणि त्या गमतीच्या पाठोपाठ मला मार्ग दिसला. आता वाटतं, मार्ग दिसला की मी नेहमी जरा जास्तच आनंदते. साहेबांनी बोलू नये असं सांगितलं होतं आणि बोलायला तोंड उघडलं असतं तर एकामागोमाग सगळंच बाहेर आलं असतं, ते मला ठाऊक होतं. पण मी बोलायची गरजच नव्हती, मशीन बोललं असतं. नाव काढायचं. रांगेला एक धक्का द्यायचा. पत्र लगेच परत येईल, अकराच्या आत, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघतील, पोरीनं गप्प बसून आपल्याला शिक्षा केलेली नाही हे त्यांना कळेल, पत्ता चुकला होता एवढंच कळेल. आणि मग वर जाऊन काय ऐकायचं ते ऐकतील. एका हातानं मी घेणार होते, दुसऱ्या हातानं थोडं देत होते. निदान असं मला वाटलं.

ती ओळ मी पुसली. फाइलच्या वर एक आकडा असतो, काही बदललं की तो एकानं वाढवायचा. नाही वाढवला तर बाकीच्या मशीनना पत्ताच लागत नाही की घरात काही बदललंय. वाढवला. नवी फाइल वाचायला लावली. रांगेला धक्का दिला. पाच मिनिटंही लागली नाहीत, नोंद आली: असं ठिकाण नाही, पत्र परत. रांगेत एक कमी झालं. मी हात मांडीवर ठेवून बसले, पेपर लिहून झाल्यावर बसतात तशी.

जाळेकर खाली आले. हात धुळीचे. रुमालानं बोटं एकेक करून पुसली, बसले, स्क्रीन जागी केली. मी माझ्या स्क्रीनकडे बघत होते, म्हणजे बघत नव्हते. त्यांचा माउस एकदा वाजला. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. शेजारी बसलेल्या माणसाचं वाचणं ऐकू येतं, त्याचा श्वास ओळीच्या शेवटी थांबतो आणि पुढच्या ओळीला सुरू होतो. त्यांचा थांबला तो थांबलाच.

"मास्तरीणबाई."

"काय हो?"

"मशीननं आज घाई केली." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "अजून मुदत होती. आणि कारण निराळं देतंय. दर वेळी 'उत्तर नाही' म्हणायचं. आज म्हणतंय असं ठिकाणच नाही." मग माझ्याकडे न वळता, "नाव तुम्ही काढलंत?"

"हो." मी पटकन म्हणाले. "अहो, ते जुनं मशीन. भंगारात गेलं ना? नाव तसंच राहिलं होतं. विसरलात तुम्ही, मग म्हटलं—"

"विसरलो नव्हतो."

 कुठल्यातरी टेबलावर कुणाचा तरी फोन वाजत होता. मग ते बोलायला लागले, स्क्रीनकडे बघतच, एखाद्या स्विचचं बिघडलेलं काय ते समजावून सांगावं तसं. "ती म्हणाली, लिहू नका. तिचा फोन नंबर आहे माझ्याकडे, घर माहीत आहे. तीन बस थांबे. पण म्हणाली लिहू नका, तर तिला पोचेल असं मी काही लिहिलं नाही. एकदाही नाही. तिचं एवढं तरी मी ऐकलं." त्यांनी रुमाल घडी करून खिशात घातला, पुन्हा काढला. "मशीन काढायची वेळ आली तेव्हा नाव तेवढं ठेवलं. मला ठाऊक ना, नाव असलं की काय होतं. मी पत्र टाकतो. ते निघतं. मी घरी जातो, भात लावतो, झोपतो, आणि इथं हे आपलं तिच्या दारावर वाजवत असतं. ती नाही तिथं. दार पण नाही. तरी वाजवत असतं. पाच दिवसांनी परत येतं, की पुन्हा टाकतो. तेच पत्र. कधी एखादा शब्द बदलतो."

"पोरीला लिहिलं म्हणालात परवा—"

"लिहिलंच होतं की. खोटं कुठं बोललो?" आणि ते हसले, आणि ते हसणं मला बघवेना. "नाही म्हणायला कुणीच नव्हतं तिथं, मास्तरीणबाई. त्यामुळं बरं चाललं होतं."

मला काहीतरी बोलायचं होतं. मी परत घालते, मी म्हणणार होते, आत्ता, एका मिनिटात, आकडा एकानं वाढवायचा फक्त. पण माझी नजर घड्याळाकडे गेली. गेली म्हणजे मी ती नेली नाही, ती गेली, आणि ती जाताना त्यांनी बघितली. तारा शोधणारा माणूस. कुठं काय कुठं जोडलंय हे बघायचीच सवय. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग छताकडे, जिथे वर ती मीटिंगची खोली येते, मग खांद्यावरच्या केबलच्या धुळीच्या पट्ट्याकडे.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणून चित्र अडखळायला नको होतं."

"जाळेकर, मला बोलू नका म्हणून—"

"तुम्ही कुठं बोललात? तुम्ही काहीच बोलला नाहीत." ते उठले. कॉलर सारखी केली. ठिगळ आत गेलं. "चांगली लाइन दिलीये मी. एकदम स्वच्छ दिसेल सगळ्यांना." माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावरून जाताना त्यांनी नेहमीच्या सवयीनं माझी केबल पायानं आत सारली, कुणी अडखळू नये म्हणून.

मी जिन्यावरची पावलं ऐकली. ओळ टाइप केलेली होती. मी त्यांचं खऱ्या आडनावाचं खातं बघत होते आणि मला वाटत होतं, हे कोण, या माणसाला मी ओळखतच नाही. अकरा वाजले. एंटरचं बटण बाकीच्या बटणांपेक्षा मोठं का केलंय हे मला कधी कळलं नाही. मशीननं काही म्हटलं नाही. युनिक्सची ही सवय: काम बिनबोभाट झालं की ते गप्प राहतं, बोलतं ते चुकल्यावर. सुरुवातीला मला हे फार आवडायचं. वाटायचं, बघा, कसं घरंदाज आहे. त्या दिवशी मी स्क्रीनकडे बघत राहिले, आत्ता काहीतरी चुकलं म्हणेल, आत्ता म्हणेल. पुढच्या आज्ञेची वाट बघणारी ती खूण तेवढी लुकलुकत होती. आहे ना, आहे ना, आहे ना.

ते खाली आले तेव्हा बरोबर दरवाजावरचा रखवालदार होता. त्याला असं काम पहिल्यांदाच पडलं असावं. तो जाळेकरांच्या मागे चालायचं की पुढे या घोळात होता, कारण त्याच्या चौकीतला फोन जाळेकरांनीच बसवला होता आणि तो त्यांना वाकून नमस्कार करायचा. पिशवीत त्यांनी चष्म्याचं घर, चहाचा कप आणि पक्कड घातली. पक्कड संस्थेची की स्वतःची यावर रखवालदार जरा अडला, मग त्यानं दुसरीकडे बघितलं. कीबोर्डला हात लावायचा नव्हता. जाळेकर खुर्चीमागे उभे राहिले, दोन्ही हात पिशवीच्या बंदावर.

"ते परत आलेलं," ते मला म्हणाले, "आता कुठं असेल?"

"तुमच्याच खात्यात. बंद आहे. पण मी—" मी आवाज खाली आणला. "छापून देऊ का? कुणाला कळणार नाही."

"छी. ते वाचायचं पत्र नव्हे." ते थोडे ओशाळले, मीच काही अशोभनीय बोलले असल्यासारखे. मग जायला वळले आणि परत फिरले. "नाव घालाल परत?"

"घालते. आत्ता घालते."

"आता कशाला पण," ते म्हणाले, जणू मीच हट्ट धरला होता. "पाठवणार कुठून मी?" त्यांनी मान हलवली, नाही अशी, मग तीच मान जराशी हो अशी. "तरी घाला."

मी गेटपर्यंत गेले नाही. तसं करायचं नसतं असंही कुठं लिहिलेलं नाही. मी बसून राहिले आणि आईचा हात आठवत राहिले, तो वाजवताना कसा होता ते. लहानपणापासून मी समजत होते की ती घाबरून थिजली होती, तिला सुचत नव्हतं. पन्नाशी आली तरी तेच समजत होते. तिला सगळं सुचत होतं. ती वाजवत होती तोवर वडील आत होते. उत्तर येत नव्हतं, पण वडील आत होते, टॉवेल गुंडाळून, काहीतरी वात्रट बोलायच्या बेतात. मी सुतार आणला. मी नेहमीच कुणाला तरी घेऊन येते.

दुपारी मी ती ओळ फाइलमध्ये परत लिहिली. आकडा एकानं वाढवला. मशीननं काही म्हटलं नाही. मग रांग बघितली: रिकामी. इतक्या वर्षांत मी ती रिकामी बघितली नसेन; निरोप येतो, रांगेत काही नाही, आणि खाली नुसता काळा पडदा. पूर्वी असं काही दिसलं असतं तर मी जाळेकरांना हाक मारली असती, बघा बघा, आपलं घर आवरलेलं आहे. मी शेजारी बघितलं. खुर्ची त्यांनी टेबलाखाली नीट सारून ठेवली होती. टेबलाखाली केबलींचे जुडगे, प्रत्येकाला सारख्या अंतरावर गाठ, टोकं कापून आत वळवलेली. कुणी न बघणाऱ्या जागी इतकी टापटीप.

मी नवा मेल उघडला. पाकिटावर त्या मुलीचं लाडाचं नाव आणि भंगारात गेलेल्या मशीनचं नाव. विषय लिहिला नाही. आत काही लिहायला बोटं ठेवली, पण तिला मी काय लिहिणार, आणि ती वाचणार नव्हतीच. जे वाचलं जाणार नाही त्यातही खोटं लिहायला मन घेईना. कोरंच पाठवलं. ते निघालं, गेलं, त्या नावाच्या पत्त्यावर पोचलं, वाजवलं. नोंद आली: उत्तर नाही, पुन्हा विचारीन. रांगेत एक पत्र. पाच दिवस ते राहील. नंतर माझ्याकडेच परत येईल, आणि तेव्हा हे टेबल माझं असलं तर मी ते पुन्हा टाकीन. यातलं जाळेकरांना काही कळणार नाही, आणि भात लावताना त्यांना ते वाजणं ऐकू येणार नाही. मला ठाऊक आहे ते. मी पुन्हा रांग बघितली. होतं.

संध्याकाळ व्हायच्या बेतात साहेब खाली आले. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे, आणि आज त्यांचा चेहरा झोप न झाल्यासारखा. जाळेकरांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, मग ती कुणाची खुर्ची ते आठवून त्यांनी हात काढून घेतला.

"सकाळचं ते वेळेत झालं. बरं केलंत," ते म्हणाले. "सोपं नसतं, कळतं मला." मग घसा साफ केला. तो आवाज मी खालून कित्येकांसाठी मनात ऐकलाय, माझ्यासमोर कधी नाही. "मेलचं काम पण बाहेरचेच लोक घेतायत, तुम्हाला कानावर आलं असेल. तुमचं काय ते आपण बोलू. निवांत बोलू. सध्या एवढंच की त्यांना सगळं मोकळं करून द्यायचंय. रांगेत काही पडलंय का?"

"एक आहे."

"कुठं जायचंय?"

"एका जुन्या मशीनवर."

"चालू आहे ते?"

मी स्क्रीनकडे बघत होते. मशीन पुन्हा जाऊन आलं होतं. आधीच्या खेपेपेक्षा या वेळी जरा जास्त थांबून गेलं होतं. तसंच असतं ते, दोन खेपांमधलं अंतर वाढत जातं.

"उत्तर देत नाही," मी म्हणाले.

"मग टाका ना पुसून. एकच तर आहे." ते माझ्या खांद्यावरून वाकले. "कशाला ठेवायचं?"

"थांबा," मी म्हणाले. "मी विचारतेय ना."